आवाज येऊन राहिला ना, मग झालं!

माझ्या भावाची अकोल्याला पिठाची चक्की आहे. पातूर रोडच्या अंगाला, पुढे चक्की आणि मागे घर. त्या घरात पाय टाकला की माझं डोकं फिरतं. उशीवर पीठ, आरशावर पीठ, माठातल्या पाण्यावर पिठाची साय, आणि कांडपाचे दिवस असले की वरून मिरची. मी अमरावतीला शाळेत मास्तरीण होते, जन्मभर खडूची धूळ खाल्ली. पण खडू निदान कोरडा. पीठ चिकटतं. घाम आला की गळ्याच्या वळीत त्याची कणीक होते. शी! वहिनीला काही बोलावं तर म्हणते, "अन्न हाये ताई ते." अन्न आहे तर ताटात असावं ना बापा, उशीवर कशाला?

दादाचं एक वैशिष्ट्य सांगायलाच हवं, कारण सगळा घोळ तिथूनच झाला. दादा चक्की कानानं चालवतो. ओट्यावर पेपर वाचत बसेल, मान वर करणार नाही, पण आतून आवाज जरा बदलला की सांगेल, "पट्टा घसरून राहिला," नाहीतर "दगड रिकामा फिरून राहिला, दाणे टाक." आणि ते खरं निघतं. आवाज बरोबर म्हणजे मशीन बरोबर, हा त्याचा वेद. पट्टा कुरकुरला तरी तो चक्की बंद करत नाही. म्हणतो, "चालू राहू दे, बसते आपोआप." चक्कीपुरतं हे ठीकच आहे. पण माणसानं तेवढंच शिकून जगातल्या सगळ्या मशिनींवर चालवावं?

त्याची पोरगी बहिरी आहे. लहानपणी ताप डोक्यात गेला आणि कान गेले ते गेलेच. अमरावतीला बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकली, सुट्ट्यांत माझ्याकडे असायची, म्हणून हातांची भाषा मीही शिकले. घरात ती थोडं तोंडानं बोलते. आवाज जाड येतो, शब्द अर्धे घशातच राहतात, पण सवय झाली की सगळं कळतं. बाहेर मात्र तोंडातून एक अक्षर काढत नाही. लहानपणी गल्लीतली कार्टी तिच्यासारखं बोलून दाखवायची, तेव्हापासून तिनं बाहेर तोंड शिवूनच घेतलं.

ओठ वाचण्यात मात्र पोट्टी इतकी तयार की तिच्यासमोर कुजबुजायची सोय नाही. फक्त एका जातीच्या माणसांपुढे ती हरते, ती म्हणजे खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीची घोटलेली गोळी, खाणारी. आणि आमच्या भागात ती जात काही कमी आहे का? तोंडात लगदा, हनुवटी वर, ओठ दाबलेले, आणि बोलणं सगळं नाकातून. त्यातलं काय डोंबल वाचणार ती? मला तर ऐकूही येत नाही.

ती सरकारी कारकुनाच्या परीक्षेला बसली होती. या खेपेला नाही झालं तर वय निघून जाणार होतं, म्हणजे ही शेवटची संधी. त्यासाठी तिनं अमरावतीच्या एका क्लासचे धडे घेतले होते. त्यात फळ्यावर गणितं चालतात, सर बोलतात, आणि खाली कोपऱ्यात छोट्या चौकटीत एक बाई सरांचं बोलणं हातांनी सांगते. पोरीचा क्लास म्हणजे ती बाई. सर काय बोलतात याच्याशी तिचं काही देणंघेणं नाही. आणि हे धडे क्लासच्या लोकांनी एकाच कम्प्युटरवर उघडतील असे करून ठेवलेले. फोनवर चालत नाहीत. कम्प्युटर कुठं ठेवला होता? चक्कीला लागून असलेल्या खोलीत, भिंतीला मोठा झरोका, झरोक्याच्या बरोब्बर खाली. मी तेव्हाच म्हटलं होतं की इथं नका ठेवू. "तिथूनच मले ऐकू येते," दादा म्हणाला, "अभ्यास चालू हाये का नाही ते."

परीक्षा जवळ आली आणि एक दिवस तिचा मला व्हिडिओ कॉल आला. डोळे लाल. हातांनी सांगायला लागली, बाई थांबली. हात वर. थांबली. मला वाटलं क्लासमधली बाई सोडून गेली. दादाला फोन लावला.

"क्लास बंद पडला का रे?"

"कोण सांगते? चालू हाये ना! मी रोज ऐकतो. आत्ता बी चालूच हाये, ऐक." त्यानं फोन झरोक्याकडे धरला. सर खणखणीत आवाजात शेकडेवारी शिकवत होते.

"मग ती काऊन रडून राहिली?"

"अभ्यास नको ना तिले. बहाणे हायेत सारे."

मी दुसऱ्या दिवशी सकाळचीच एसटी पकडली. बहाणे म्हणे! आपल्याच पोरीबद्दल असं बोलताना माणसाची जीभ झडत कशी नाही?

गेले ते सरळ खोलीत. तिनं मला खुर्चीवर बसवलं आणि धडा लावला. थोडा वेळ सगळं नीट चाललं. मग कोपऱ्यातली बाई एकदम थबकली. उजवा हात खांद्याशी, बोटं पसरलेली, तोंड अर्धं उघडं. आणि सर चालूच. शेकडेवारी झाली, नफा-तोटा झाला, मधेच एक विनोदही झाला, आणि बाई तशीच, हात वर करून. फळा मोठा, त्यावर गणित लिहिलेलं, तो तर एरवीही हलत नाहीच. दादा दारातून एक नजर टाकायचा, फळा दिसायचा, आवाज ऐकू यायचा, की निघून जायचा. वहिनी स्वयंपाकघरातून ऐकायची. सगळं घर कान देऊन पोरीचा अभ्यास ऐकत होतं, आणि पोरगी एका थिजलेल्या हाताकडे बघत बसली होती. किती दिवस? मी विचारलं तर तिनं नुसता हात झटकला.

"दादा, इकडं ये!" मी ओरडले. "हे बघ. बाई हलून राहिली का?"

तो डोळे बारीक करून पाहत राहिला. "आता नाही हलून राहिली."

"आणि धडा कशातून शिकते ती? कानातून?"

"आवाज तर येऊन राहिला ना व बाई," तो म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच काहीतरी कळलं बहुतेक, कारण ओशाळं तोंड करून त्यानं लगेच दुसरं सांगितलं, "मीच सांगतलं तिले, मधातून बंद नको करू. शेवटलोक चालू दे, बसते आपोआप." म्हणजे तिनं हातवारे करून सांगायचं आणि यानं पट्टा समजून चालू ठेवायला लावायचं! प्रत्येक धडा असाच शेवटपर्यंत वाजवला होता. मला त्या क्षणी त्याची, त्याच्या चक्कीची आणि त्याच्या कानांची मनापासून शिसारी आली. तसं मी बोललेही.

मग उपाय सुरू झाले. नेट खराब असेल म्हणून मी धडा उतरवून घेतला आणि नेट काढून लावला. तसाच अडकला, म्हणजे नेटचा दोष नाही. बंद करून चालू केला, पुन्हा तेच. मग दादा म्हणाला की चौकातल्या कम्प्युटरवाल्याला बोलावू, लय हुशार हाये.

तो हुशार आला. गालात खर्ऱ्याचा गोळा, हनुवटी छताकडे. खुर्चीवर बसला, धडा लावला, आवाज ऐकला आणि म्हणाला, "उम्म, आवाज ओके हाय." मी म्हटलं, चित्र बघा. "उम्म, चित्राचं काय नाय, फॉरमॅट मारून देतो." पोरगी त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि त्यातून काहीच निघत नव्हतं. मग तिनं आपल्या परीनं सांगून पाहिलं. आधी नाक चिमटीत धरलं, मग त्याच्या पायाशी असलेला कम्प्युटरचा डबा दाखवला, मग पुन्हा नाक. त्या गड्याला वाटलं, ही मला वास येतो म्हणते! तावातावानं उठला, खिडकीतून पिचकारी मारली, ती निम्मी चौकटीवर, आणि म्हणाला, "मॅडम, इज्जत नाय काय आमाले?" मी म्हटलं, इज्जत आहे की, आता चौकटीवरून ओघळून राहिली. ते ऐकून वहिनी पदराआड हसली, आणि तो आणखीच पेटला. तरी त्यानं फॉरमॅट मारला, धडे पुन्हा चढवून दिले, छाती फुगवून निघून गेला. आणि बाई पुन्हा थबकली, या खेपेला दोन्ही हात पुढे करून.

"उंटावरचा शहाणा!" मी म्हटलं. ती चौकट मी स्वतः पुसली. ते लाल लाल अजून डोळ्यांपुढे येतं आणि जेवण जात नाही.

मग मी पोरीला नीट विचारलं, नाक कशासाठी धरलंस? तिनं मला डब्याजवळ ओढलं आणि वाकायला लावलं. वास आला. भाजल्या बेसनाचा! आत जणू कुणी लाडूची तयारी मांडली होती. डब्याला हात लावला तर चटका बसला. तिला हा वास पहिल्या दिवसापासून येत होता. धडा लावला की वास सुटायचा, वास वाढला की बाई थांबायची. पण तिचे अर्धे शब्द चक्कीच्या घरघरीत बुडायचे, उरले हात, आणि हातांकडे बघायला या घरात वेळ कुणाला?

वायर काढली, डबा गार होऊ दिला, आणि आम्ही दोघींनी त्याचं झाकण उघडलं.

आई गं! आत पीठ. थरावर थर. गव्हाचं, ज्वारीचं, बेसनाचं, वर मिरचीची लाल भुकटी, आणि दमट हवेनं सगळ्याची मिळून पपडी झालेली. पंख्याच्या पात्यांना कणीक चिकटून सुकलेली, पंखा म्हणून ओळखूच येईना. त्याच्या खालचा भाग भाजून तपकिरी. त्या पिठात सोंडे फिरत होते. कोपऱ्यात जाळं करून अळ्या, एका वायरीच्या मागे झुरळाची अख्खी पिलावळ, आणि पालीची अंडी, दोन फुटलेली. मी शाळेची संडासं स्वच्छ करून घेतलेली बाई, पण मला ओकारी आली. बाहेर जाऊन चूळ भरून आले. आल्यावर बघते तर पोट्टी नाकाला ओढणी बांधून रंगाच्या जुन्या ब्रशानं पंखा खरवडत होती. तिला कसली किळस? तिला तिची बाई परत पाहिजे होती.

दादा दारात उभा राहून पाहत होता. "आपलंच पीठ," म्हणाला.

"मग काय शेजाऱ्याचं? आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, इथं कम्प्युटरनं खाल्लं!"

तो हसला नाही. परात घेऊन आला आणि निघालेलं सगळं त्यात भरून नेऊ लागला. वहिनी नाक मुरडत म्हणाली, "गुरायले चालते का ते?" त्यावर मी काय बोलले ते इथं लिहीत नाही.

दुपारभर खरवडलं, पुसलं, झुरळं मारली. मग कम्प्युटर उचलून पलीकडच्या खोलीत नेला, जिथं झरोका नाही. चालू केला आणि पंखा फिरला. इतके दिवस तो बिचारा फिरतच नव्हता. त्यामुळे चित्र उमटवणारा भाग तापायचा आणि दम टाकायचा. आवाजाचं काम त्याच डब्यात पण दुसरीकडे होतं, ते गार, म्हणून सर बोलतच राहायचे. एवढंच होतं सगळं. ना नेट, ना फॉरमॅट.

पोरीनं धडा लावला. धडा उघडेना. पडद्यावर एक पाटी आली, आणि ती वाचून ती मटकन खाली बसली. एक धडा दोनदाच पाहता येतो, तुमची मर्यादा संपली आहे. दुसरा लावला, तेच. तिसरा, तेच. एकदा थिजलेला, एकदा बापानं "चालू दे, बसते आपोआप" म्हणून शेवटपर्यंत वाजवलेला. शिल्लक होते ते आमच्या दिवसभराच्या उपायांत गेले. क्लासच्या हिशेबानं ती सगळं शिकून मोकळी झाली होती. गणिताचा सगळा भाग गेला होता आणि परीक्षा तोंडावर.

मी क्लासच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. गाणं वाजलं, मग पुन्हा गाणं, मग एक बाई आली, गोड. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो मॅडम, पण आमच्याकडे सगळे धडे पूर्ण ऐकलेले दाखवतायत." मी म्हटलं, अगं, ऐकलेले! तीच तर बोंब आहे! ती म्हणाली, धडे पुन्हा उघडता येतील, पण विद्यार्थिनीनं स्वतः फोनवर नाव, नोंदणीचा नंबर आणि विनंती सांगायला हवी. स्वतःच्या आवाजात. तसा नियम आहे.

"ती बहिरी आहे," मी म्हटलं. "तुमचा हा क्लासच बहिऱ्या मुलांसाठी आहे."

"हो मॅडम, पण नियम आहे."

थुंकावंसं वाटलं मला त्या नियमावर. बहिऱ्यांसाठी दुकान मांडायचं आणि दाराशी आवाज मागायचा! मी लिहून पाठवू का विचारलं, आधी मी कोण ते सांगून तिच्या वतीनं बोलू का विचारलं. नाही, नाही, नाही. चक्कीच्या घरघरीत मला नीट ऐकूही येईना. दादानं जाऊन चक्की बंद केली. सणाचे दिवस, बायांची डबे घेऊन रांग, तरी बंद केली. एकदम सगळं गप झालं.

मी पोरीला सांगितलं काय मागतायत ते. ती पांढरीफटक पडली. बाहेरच्या माणसाशी तोंडानं बोलायचं, आणि तेही फोनवर, जिथं समोरच्याचा चेहरा दिसत नाही. मी म्हटलं, नको बोलू, आपण अमरावतीला जाऊन त्यांच्या टेबलावर बसू. तिनं डोकं हलवलं आणि फोन माझ्या हातातून घेतला. स्पीकर चालू होता. तिनं आपलं नाव सांगितलं, नंबर सांगितला, आणि म्हणाली, "धडे उघडा." जाड, अडखळत, पण मला प्रत्येक शब्द कळला.

पलीकडे ती गोड बाई हसली. दाबून हसली, पण हसली. शेजारच्या कुणाला तरी म्हणाली, "अगं, हे ऐक ना." आणि फोन कापला गेला.

दादा माझ्याकडे बघत होता, मी दादाकडे. बाहेर ओट्यावर डबेवाल्या बायांनीही ऐकलं होतं. पोरगी फोन तसाच धरून आमच्या तोंडांकडे बघत होती. "काय म्हणाली?" तिनं विचारलं.

दादानं ओठ मोठे मोठे हलवून सांगितलं, "लाइन कटली."

तिनं त्याचे ओठ सोडून चेहराच वाचला. मग म्हणाली, "खोटं. हसली ती." आणि फोन त्याच्या हातात देऊन म्हणाली, "पुन्हा लाव."

त्यानं लावला. नंबर चुकला, पुन्हा लावला. या वेळी एक माणूस आला. तिनं नाव सांगितलं. पलीकडून आवाज आला, "सावकाश सांगा ताई, मी ऐकतोय." पण तिला काय कळणार तो काय म्हणाला? ती थांबली आणि बापाकडे बघू लागली, हा माणूसही हसतोय का ते शोधत. दादानं ओठ हलवले, पण ते कापत होते, त्यांत तिला काही दिसेना. तो माझ्याकडे वळला. "बाई," म्हणाला, "तो ऐकून राहिला, हे हातानं कसं सांगतेत?"

सख्खा बाप तिचा. पोरीचं नोकरीचं वय सरत आलं, आणि हा मला आता विचारत होता! मला त्याच्या कानशिलात मारावीशी वाटली. पण मी आधी हात करून दाखवला. त्यानं तसा केला, चुकीचा केला, पुन्हा केला. पोरीला कळलं, आणि तिनं त्या माणसाला आपला नंबर सावकाश, पहिल्यापासून सांगितला.